भावनेला हात घालायचा, पण नेमका कुठे?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही तेही तपासता येईल. तुमच्या वाडीवरची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा पट कमी झाला म्हणून अडीच किलोमीटरवरच्या गावच्या शाळेत मिसळायचा प्रस्ताव आहे. त्याविरुद्ध तुम्ही जिल्ह्याच्या दैनिकासाठी लेख लिहिला. एका मित्रानं वाचून ‘हे रडगाणं झालं, मुद्दे लिही’ असं सांगितलं. तुम्ही भावनिक मजकूर काढून टाकलात, तर दुसरा म्हणाला, ‘ही तर कार्यालयीन टिपणी झाली, वाचणार कोण?’ आता तुम्ही विचारताय, की वाद घालणाऱ्या लेखात भावनेला हात घालावा का, घातला तर किती आणि मुद्द्यांचा क्रम कसा लावावा.

‘किती’ या प्रश्नात मी फार अडकणार नाही. मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या मत-पानावर काम केलं, वाचकांच्या पत्रांपासून अग्रलेखाच्या शेजारच्या लेखांपर्यंत सगळं हाताखालून गेलं. भावना जास्त झाली म्हणून पडलेले लेख कमी पाहिले. भावना एकीकडे आणि मागणी दुसरीकडे म्हणून पडलेले मात्र ढिगानं पाहिले. तुमच्या मित्रांचं भांडण प्रमाणावर आहे, पण तुमच्या मसुद्याची अडचण जागेची आहे.

तुम्ही पाठवलेला पहिला परिच्छेद बघा: ‘चिमुकल्यांच्या डोळ्यांतली स्वप्नं विझवणारी ही निर्दयी व्यवस्था अजून किती निष्पाप जिवांचा बळी घेणार? वाडीचा हा आर्त टाहो कुणाच्या कानी पडेल का?’ यात शाळा, अंतर, वाडी यांतलं काहीच नाही. हाच परिच्छेद रेशन बंद झालं, दवाखाना बंद झाला, एसटीची फेरी बंद झाली तरी जसाच्या तसा चालेल. जी भावना कुठेही चालते ती तुमच्या बाजूनं साक्ष देत नाही. डेस्कवर असताना ‘चिमुकले’, ‘निष्पाप’, ‘टाहो’, ‘आर्त हाक’ हे शब्द दिसले की मी आधी ते काढायचो आणि मग खाली काही उरतंय का ते बघायचो. बहुतेक वेळा उरायचं. चौथ्या-पाचव्या परिच्छेदात कुठेतरी लिहिणाऱ्यानं खरी गोष्ट सांगितलेली असायची, ओशाळल्यासारखी, एका वाक्यात. तुमच्याही लेखात ती आहे: ‘पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंदच होतो.’ तुम्ही एवढंच लिहून पुढे गेलात. तुमचा लेख तिथे आहे.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रानं हे फार जुन्या काळी सांगून ठेवलंय. रसाचं किंवा त्यामागच्या स्थायिभावाचं, म्हणजे शोक, भय अशा मूळ भावनेचं, थेट नाव घेणं हा ‘काव्यप्रकाश’कार मम्मटानं रसदोष मानला. ‘करुण’ म्हणून कारुण्य उभं राहत नाही. ते उभं राहतं विभावांतून: ज्याच्यामुळे भाव जागा होतो ती व्यक्ती किंवा वस्तू आणि तो भाव चेतवणारी परिस्थिती. तुमच्या लेखात आलंबन आहे ते सहा वर्षांचं मूल आणि उद्दीपन आहे तो ओढा. ‘आर्त’ हा शब्द लेखकानं वापरला की भावना लेखकाची होते, वाचक प्रेक्षक होऊन बसतो. वाद घालताना याचा उलट परिणाम होतो, कारण वाचकाच्या मनात लगेच येतं: याला इतकं वाईट वाटतंय, म्हणजे याचं काहीतरी अडकलेलं असणार.

पण वाद म्हणजे काव्य नव्हे. कवितेत रस उभा राहिला की काम झालं, वादात त्या रसानं कुठेतरी पोचवावंही लागतं. ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तक्रार केलीय, की इतर लेखक न्यायाधीशांना राग, मत्सर, दया यांच्याकडे कसं ओढायचं एवढंच शिकवतात. ज्या पट्टीनं मोजायचं तीच आधी वाकवून ठेवण्यासारखं हे आहे, असं तो म्हणतो. मजा म्हणजे हाच माणूस त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग, भीती, लाज, दया यांची एकेक करून चिरफाड करतो: माणूस रागावतो तेव्हा त्याची मनःस्थिती काय असते, राग कुणावर असतो आणि कशामुळे असतो. मला यात विसंगती वाटत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या रागाला देता येतात तो विचाराच्या कक्षेत असतो. ‘निर्दयी व्यवस्था’ या शब्दांत कुणावर याचं उत्तरच नाही. व्यवस्था हा कुणाचा हुद्दा नसतो. प्रस्ताव कुणी तयार केला, तो कुणाकडे गेला, निर्णय कुणाच्या सहीनं होणार, हे लिहा. मग राग आपोआप नेमका होतो आणि थोडा थंडही होतो. वादासाठी ते बरंच असतं.

आता एक जुनं प्रकरण सांगतो, कारण भावना आणि युक्तिवाद एका जागी आल्यावर काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत संमतिवय, म्हणजे मुलीची शरीरसंबंधाला संमती कायदा ज्या वयापासून धरतो ते वय, दहा वर्षं होतं. कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्यानं केलेल्या शरीरसंबंधातल्या जखमांनी मरण पावली. 1890 मध्ये खटला चालला. मुलगी दहा वर्षांच्या पुढची होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसूच शकला नाही. त्याला हलक्या गुन्ह्याखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बालविवाहाच्या दुःखाबद्दल त्याआधी पुष्कळ लिहिलं गेलं होतं, समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी तर कित्येक वर्षं रान उठवलं होतं. पण ही घटना ऐकून हळहळणारा माणूस त्याच श्वासात विचारत होता, ‘मग शिक्षा एवढीच कशी?’ आणि त्या प्रश्नाचं उत्तर होतं कायद्यातला ‘दहा’ हा आकडा. हळहळ आणि मागणी दोन्ही एकाच आकड्यावर येऊन थांबत होत्या. मार्च 1891 मध्ये तो आकडा बारा झाला.

या प्रकरणात आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या तुमच्या कामाच्या आहेत. विरोधक म्हणू शकत होते, की एखादा नराधम निघाला म्हणून सगळ्या समाजाला कायदा कशाला? याला उत्तर म्हणून 55 महिला डॉक्टरांच्या सह्यांचं निवेदन व्हाइसरॉयकडे गेलं आणि त्यात त्यांनी पाहिलेल्या अशाच प्रकरणांची यादी होती. कोरडी, वैद्यकीय भाषेतली. एका मुलीची गोष्ट मनाला भिडते आणि ती अपवाद नाही हे यादी दाखवते. एकटी गोष्ट ‘अपवाद’ म्हणून झटकली जाते, एकटी यादी कुणी वाचत नाही. दुसरं म्हणजे भावना एकाच बाजूला नव्हती. पुण्यात वय वाढवणाऱ्या या विधेयकावरून जे रणकंदन माजलं त्यात ‘परकं सरकार आमच्या धर्मात हात घालतंय’ ही विरोधकांची भावनाही खरी आणि प्रखर होती. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात होता, आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूनं. संस्कृतचे पंडित डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्या भावनेची टर न उडवता शास्त्रग्रंथांतलेच आधार काढून दाखवले, की हा कायदा धर्माच्या आड येत नाही. समोरच्याच्या भावनेला दिलेलं हे उत्तर होतं आणि ते त्याच्याच जमिनीवर उभं राहून दिलेलं होतं.

तुमच्याही प्रकरणात समोरच्या बाजूची भावना आहे. तुम्ही ती लेखात आणलेलीच नाही. ती दोन ठिकाणांहून येणार.

पहिलं ठिकाण कार्यालय. तिथली माणसं म्हणतील: चार वर्गांत मिळून अकरा मुलं, शिक्षक एक किंवा दोन, मुलांना बरोबरीचे सवंगडी नाहीत, कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. मोठ्या शाळेत गेली तर त्यांचंच भलं. हे ढोंग आहे असं धरून चालू नका. काही केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना हे मनापासून वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. 2023 मध्ये राज्यात समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत आणण्याची, चर्चा झाली तेव्हा तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं याच मुद्द्यावर पुढे केली गेली होती. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा ही आपली जुनी शिस्त आहे, तीच इथे पाळा. लिहा, की हो, अकरा मुलांच्या शाळेत ही उणीव आहे, आम्हालाही ती दिसते. मग विचारा, की ती भरून काढायला मुलांनी रोज ओढा ओलांडायचा, की शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस दोन्ही शाळा एकत्र आणायच्या?

दुसरं ठिकाण तुमचा वाचक, आणि हा जास्त अवघड. जिल्हा दैनिकाचं मत-पान वाचणारा माणूस साधारण पन्नाशी-साठीचा असतो, निवृत्त शिक्षक, बँकेतला, शेती बघणारा. तो लेख वाचून पहिलं वाक्य म्हणणार: ‘आम्ही नाही का गेलो चालत? पाच-पाच मैल, अनवाणी.’ हीसुद्धा भावनाच आहे, अभिमानाची, आणि ती तुमच्या विरोधात काम करते. तुम्ही मुलांच्या पायपिटीचं जितकं हृदयद्रावक वर्णन कराल तितका त्याचा हा अभिमान फुलणार. मी अशा लेखांवर आलेली पत्रं वाचली आहेत. लेखकाला अपेक्षा सहानुभूतीची असते आणि हाती येतात ती ‘आमच्या वेळी’नं सुरू होणारी पत्रं.

याला मी असं भिडेन. त्याला खोटं ठरवू नका. तो चालत गेला हे खरंच आहे. पण जे चालत जाऊ शकले नाहीत ते आज पत्रं लिहीत नाहीत. त्याला सरळ विचारा: तुमच्या चौथीच्या वर्गात जेवढ्या मुली होत्या, त्यांतल्या किती पाचवीला गावच्या शाळेत दिसल्या? या प्रश्नात एकही विशेषण नाही. पण ज्यानं तो वाचला त्याला एखादी तरी मुलगी आठवेल, कदाचित सख्खी बहीणच. आणि जी आठवते ती नुसती आठवण नसते, अंतर वाढलं की गळती होते या तुमच्या मुद्द्याचा तो पुरावा असतो. फक्त तो पुरावा तुम्ही न देता वाचकानं स्वतःच्या आयुष्यातून काढून दिलेला असतो.

हे तंत्र माझं नाही. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध दोन भागांत छापून आला. तेव्हा तिचं वय चौदाच्या आसपास होतं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-वारा-पाऊस सोसावा लागतो, हे सांगून ती वाचणाऱ्याला म्हणते, की काय दुःख होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. वर्णन एवढंच, पुढचं काम वाचकाकडे. आणि त्याच निबंधात ती पेच टाकते: वेद आमचेच, इतरांनी ते पाहू नयेत असं तुम्ही म्हणता, म्हणजे आम्हाला धर्मपुस्तक नाही, मग आम्ही धर्मरहितच ठरत नाही का? दुःखाच्या बाजूला हा तर्क उभा आहे म्हणून तो निबंध दया मागत नाही, जाब विचारतो. कुणाला भावना आणि तर्क वेगवेगळ्या डब्यांतल्या गोष्टी वाटत असतील तर त्यानं हा निबंध काढून वाचावा.

दयेबद्दल आलोच आहे तर बोलून घेतो. वादात मी तिला शेवटचा नंबर देतो. दया वाटणारा माणूस जरा वरच्या पायरीवर बसतो, ‘बिचारी मुलं’ म्हणतो, पान उलटतो. तुमच्या वाडीला बिचारं व्हायचं कारण नाही. तुम्ही हक्काची गोष्ट मागताय. शिक्षणहक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. तुमची होणारी शाळा अडीच किलोमीटरवर. हा तुमचा कणा. कार्यालयाचं यावरचं उत्तर ठरलेलं: मुलांना वाहतुकीची सोय किंवा भत्ता देऊ. इथे, बरोबर इथेच, ओढा आला पाहिजे. तुम्ही तो एका वाक्यात, नुसत्या वातावरणनिर्मितीसाठी आणलात. त्याची जागा भत्त्याच्या उत्तरानंतर आहे. मी लिहिलं असतं तर साधारण असं:

‘भत्ता पालकाच्या खात्यात जमा होईल. पण वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे, त्यावर पूल नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलं की मोठी माणसं काठावर थांबतात, उतार पडला की हात धरून पलीकडे जातात. पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. वाडीत भाड्यानं मिळणारं एकही वाहन नाही. भत्त्याचे पैसे घेऊन त्या मुलानं पलीकडे कसं जायचं, हे प्रस्तावात लिहिलेलं नाही.’

हे तुमच्या वाडीला लागू आहे की नाही ते तुम्ही ठरवा. वाहन असेल तर ते वाक्य काढा. पण बघा, यातलं कोणतंही वाक्य वगळलं तर युक्तिवाद लंगडा होतो. सहा वर्षं हे वय काढलं तर ‘काठावर थांबायला काय हरकत’ असं म्हणता येतं. पूल नाही हे काढलं तर भत्ता पुरेसा ठरतो. वाचणाऱ्याच्या पोटात जे गोळा आणतं तेच समोरच्याचा मुद्दा खोडतं. मी लेख तपासताना हीच एक परीक्षा लावतो: भावनेचा भाग झाकून उरलेलं वाचायचं. मुद्दा तसाच्या तसा उभा असेल तर तो भाग सजावट होता, आणि सजावट जागा खाते. मत-पानावर आठशे शब्द मिळतात, त्यात टाहोला जागा नाही.

खरेपणाचा प्रश्न इथेच येतो. ओढा वर्षातून चारच दिवस अडवत असेल तर ‘चार दिवस’ लिहा. ‘महिनोन्‌महिने संपर्क तुटतो’ असं लिहिलंत तर दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन अंतर मोजेल, रस्त्याचे फोटो काढेल, आणि त्या एका अतिशयोक्तीपायी बाकीचं सगळं खरं असूनही फाईलमध्ये ‘वस्तुस्थिती विपर्यस्त’ असा शेरा पडेल. शिवाय चार दिवस लिहिलं तरी मुद्दा हरत नाही, कारण त्यांतल्या एकाच दिवशी जे होऊ शकतं ते पुरेसं आहे. ते काय, हे तुम्ही लिहू नका. वाचक आपणहून तिथे पोचतो. अशा जागी बुडणाऱ्या मुलाचं कल्पनाचित्र रंगवणारे लेख मी परत पाठवले आहेत. न घडलेल्या मरणाची भीती घालणं मला वादात बसत नाही, मग बाजू कितीही न्यायाची असो.

मुलांची नावं आणि फोटो हा आणखी एक मोह. एखाद्या मुलीचं नाव घेऊन, तिच्या तोंडचं वाक्य देऊन लेख सुरू करायचा, हे हल्ली सर्रास चालतं. पालकांना विचारल्याशिवाय करू नका, आणि विचारलं तरी नाव टाळा. गावात दुसऱ्या दिवशी त्या घराला जे ऐकावं लागतं ते संपादकाला ऐकावं लागत नाही. ‘दुसरीतली एक मुलगी’ एवढंही पुरतं, जर ती काय करते हे नेमकं सांगितलंत तर.

हे सगळं वर्तमानपत्रातल्या लेखापुरतं आहे, तेवढं ध्यानात ठेवा. ग्रामसभेत बोलायचं असेल तर हिशेब वेगळा. तिथे ऐकणाऱ्यांना ओढा माहीत आहे, वर्णन करत बसलात तर लोक घड्याळ बघतील. तिथे गरज असते ती ‘ठराव आजच करू’ या निश्चयाची, म्हणजे भावना दुःखाची नव्हे, एकजुटीची. गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात ओढा एका ओळीत, तारखांसह: कोणत्या दिवशी रस्ता बंद होता, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद कुठे आहे. त्या टेबलावर रोज दहा करुण कहाण्या येतात. पुढच्याला काळजी असते ती उद्या प्रश्न आला तर आपल्या सहीखाली काय निघेल याची. तारखा ती काळजी बरोबर जागवतात, आणि हेही भावनेलाच हात घालणं आहे. प्रकरण न्यायालयात जाणार असेल तर मसुदा वकिलांवर सोपवा, लेखातली वाक्यं त्यात घुसवू नका.

क्रमाबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. सुरुवात मागणीनं आणि अंतरांच्या दोन आकड्यांनी करा, एक आणि अडीच. मग कार्यालयाची बाजू, प्रामाणिकपणे. मग भत्ता, त्याला लागून ओढा. त्यानंतर ‘आम्ही चालत गेलो’वाल्या वाचकाला चौथीच्या वर्गाचा प्रश्न. शेवट उसाशानं करू नका. मत-पानावरचे निम्मे लेख ‘कुणी लक्ष देईल का?’ असं विचारून संपतात आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं येतं, कारण कुणी म्हणजे कोण हे सांगितलेलंच नसतं. पूल होईपर्यंत प्रस्ताव थांबवावा, एवढंच लिहा, आणि ते कुणी करायचं त्या हुद्द्याचं नाव लिहा.

मथळा तुम्ही ‘कोमेजणाऱ्या कळ्या’ दिलाय. संपादक बदलतीलच, पण तुम्हीच ‘ओढ्यावर पूल नाही, भत्ता आहे’ असं काहीतरी देऊन पाठवलंत तर बदलायची शक्यता कमी. लेख छापून आला की कात्रण निवेदनाला जोडा, आणि दोन्हीकडे अंतराचा आकडा एकच आहे ना ते पाठवण्याआधी बघून घ्या. कार्यालयात सगळ्यात आधी तेच ताडून बघतात.